गिटार स्वतः बनवायची आहे, पण कुणाचं ऐकायचं? नवोदितांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार बनवणं शिकवणारी शाळा आपल्याकडे सहज सापडत नाही. बहुतेक जण सुरुवात मोबाइलवर शोधाशोध करूनच करतात, मीही तशीच केली. माहिती भरपूर मिळते. अडचण येते ती त्यातली कोणती माहिती आपल्या लाकडाला, आपल्या हवेला आणि आपल्या गिटारला लागू पडते हे ठरवताना. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

शोध सुरू कुठून करू?

आधी कोणती गिटार बनवायची ते ठरवा. नायलॉनच्या तारांची क्लासिकल, स्टीलच्या तारांची अकूस्टिक की इलेक्ट्रिक? हे न ठरवता "गिटारच्या टॉपची जाडी किती" (टॉप म्हणजे गिटारची पुढची फळी) असं शोधलं तर तिन्हींची उत्तरं एकत्र येतात आणि नवशिक्याला ती एकाच वाद्याची वाटतात.

फरक किती मोठा आहे ते पाहा. स्टीलच्या लाइट गेजच्या (कमी जाडीच्या) सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण सुमारे ७० किलोच्या पुढे जातो. नायलॉनच्या तारांचा ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो. म्हणून क्लासिकलच्या स्प्रूस (एक सूचिपर्णी लाकूड) टॉपसाठी सव्वादोन ते अडीच मिलिमीटर जाडी सर्रास सांगितली जाते, तर स्टीलच्या तारांच्या गिटारसाठी पावणेतीन ते तीन. क्लासिकलचा आकडा उचलून स्टीलच्या गिटारला लावला तर काही महिन्यांत ब्रिजमागे (टॉपवरच्या तारा अडकवायच्या पट्टीमागे) टॉप फुगतो आणि पुढे खचतो. आकडा देणारा खोटं बोललेला नसतो, तो वेगळ्या गिटारबद्दल बोलत असतो.

एकाच प्रश्नाची पाच उत्तरं मिळाली. खरं कोणतं?

पाचही खरी असू शकतात. आकडा दिसला की मी त्याला चार प्रश्न विचारतो: लाकूड कोणतं? तारा कोणत्या? हवा कुठली? आणि वाद्य किती वर्षांनी पुन्हा पाहिलं?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारायला विसरतात. नवी गिटार पहिल्या दिवशी छानच दिसते आणि बहुधा छानच वाजते. नेकचा (गिटारच्या दांडीचा) सांधा हलला का, ब्रिज उचलला गेला का, टॉपला चीर गेली का, हे दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे गेल्यावरच कळतं. म्हणून "मी असंच केलं आणि मस्त झालं" या वाक्याला मी फार कमी वजन देतो. ज्याच्याकडे आठ-दहा वर्षांपूर्वी बनवलेली गिटार दुरुस्तीला परत आली आणि त्याने ती उघडून आत काय झालं होतं ते दाखवलं, त्याचं प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी लिहिलेलं आवर्जून शोधा. दुसऱ्यांच्या चुका कुठे बाहेर येतात ते त्यांच्याइतकं कुणीच पाहिलेलं नसतं.

दुसरी एक खूण सांगतो. चांगला कारागीर जाडीपेक्षा ताठरपणाबद्दल बोलतो. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्याच जाडीच्या असल्या तरी वाकण्यात फरक पडतो. म्हणून अनुभवी लोक फळी दोन टोकांवर टेकवतात, मध्ये ठरलेलं वजन ठेवतात आणि ती किती झुकली ते मोजतात. "२.८ करा" असं सांगणाऱ्यापेक्षा "अमुक वजनाखाली इतकी झुकेपर्यंत रंधा मारा" असं सांगणारा तुम्हाला पुढच्या प्रत्येक फळीसाठी उपयोगी पडेल.

फक्त व्हिडिओ पाहून शिकता येतं का?

हाताच्या हालचाली शिकायला व्हिडिओसारखं साधन नाही. पटाशी कशी धरायची, तापलेल्या नळीवर दोन मिलिमीटरची साइड (बाजूची पट्टी) वाकवताना लाकूड कधी "सैल" पडतं, हे लिहून कळत नाही. पण व्हिडिओत वाट पाहण्याचा वेळ कापलेला असतो. गोंद लावला आणि पुढच्या क्षणी शिकंजा सुटला, मध्ये रात्र गेली हे दिसतच नाही. हालचाल व्हिडिओतून घ्या, मापं आणि वेळा लिखित मजकुरातून.

फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या पडद्यांची, मापं कोणत्या तक्त्यातून घेऊ?

कोणत्याच तक्त्यावर डोळे मिटून विसंबू नका. हा हिशोब स्वतः करता येतो, आणि एकदा केला की इतर कुणाचा तक्ता बरोबर आहे की नाही हेही तपासता येतं.

नटपासून (डोक्याकडची पट्टी, जिथून तार सुटते) सॅडलपर्यंतची (ब्रिजवरची पट्टी, जिथे तार टेकते) सैद्धांतिक लांबी, म्हणजे स्केल, घ्या. तिला १७.८१७ ने भागा. आलेलं उत्तर म्हणजे नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर. ते स्केलमधून वजा करा, उरलेल्याला पुन्हा १७.८१७ ने भागा, तो दुसरा टप्पा. ६५० मिलिमीटरच्या स्केलवर पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो, दुसरा नटपासून ७०.९२ वर आणि बारावा बरोबर ३२५ वर, म्हणजे मधोमध. बारावा मध्यावर येत नसेल तर तक्ता चुकलेला आहे. कोणताही तक्ता मिळाला की मी सर्वांत आधी एवढंच पाहतो.

जुन्या लिखाणात १७.८१७ ऐवजी १८ हा आकडा भेटेल. त्याला मोठा इतिहास आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी १८ ला १७ हे प्रमाण मांडलं, आणि कारागीर ते पुढे शतकानुशतकं वापरत राहिले. पण ६५० च्या स्केलवर १८ ने भागत गेलात तर बाराव्या फ्रेटपाशी ३२५ ऐवजी ३२७.४ मिलिमीटर तार उरते. स्वर सुमारे १२ सेंट उतरतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तार दाबताना ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, त्यामुळे ही चूक काही अंशी झाकली जायची, आणि म्हणूनच तो नियम एवढा टिकला असावा. आज तो वापरायचं कारण नाही.

फ्रेट आखताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर पेन्सिलीच्या रेघेची जाडीसुद्धा वीस वेळा जमा होते.

सॅडल मात्र नेमकं ६५० वर बसवायचं नसतं. ते थोडं मागे न्यावं लागतं, कारण दाबल्यावर तार ताणते. स्टीलच्या तारांसाठी बारीक तारेकडे साधारण २ आणि जाड तारेकडे ४ ते ५ मिलिमीटर, म्हणूनच अकूस्टिकवर सॅडल तिरकं दिसतं. काही ठिकाणी नकाशावर (गिटारच्या मापांच्या आराखड्यावर) फक्त स्केल लिहिलेलं असतं आणि ही गोष्ट गृहीत धरलेली असते. पहिलीच गिटार बनवणारा तिथे हमखास फसतो.

डाउनलोड केलेला नकाशा थेट वापरला तर चालेल का?

छापल्यावर पट्टी लावून मोजल्याशिवाय नाही. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र आपोआप लहान करतात. ९७ टक्क्यांवर छापलेल्या नकाशात ६५० चं स्केल ६३०.५ होतं, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानात "ॲक्च्युअल साइझ, शंभर टक्के" असं स्पष्ट सांगा. नकाशावर मापाची पट्टी छापलेली असेल तर ती तपासा, नसेल तर नट ते बारावा फ्रेट मोजून दुप्पट करा.

मोफत फिरणाऱ्या नकाशांमध्ये कुणीतरी फोटोवरून काढलेलेही असतात. प्रत्यक्ष वाद्यावरून मापं घेऊन काढलेले नकाशे हवे असतील तर गिल्ड ऑफ अमेरिकन ल्यूथिअर्स ही संस्था पाहा. १९७२ साली सुरू झालेली ही संस्था अमेरिकेतल्या टकोमाहून चालते. ती नियतकालिक काढते आणि संग्रहालयांतल्या व कारागिरांच्या वाद्यांवरून काढलेले नकाशे विकते. पैसे पडतात, पण एका वाया गेलेल्या स्प्रूसच्या फळीपेक्षा कमीच.

परदेशी लोक सतत आर्द्रतेबद्दल बोलतात. आपल्याकडे ते लागू आहे का?

आपल्याकडे जास्तच लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. या एका विषयावर मी थांबून बोलणार आहे, कारण माझी पहिली गिटार याच गोष्टीने गेली.

इंग्रजीतला बहुतेक सल्ला थंड देशांतून येतो. तिथे हिवाळ्यात घरं तापवली जातात, हवा कोरडी होते आणि गिटारला चिरा जातात. म्हणून ते "ओलावा द्या" असं सांगतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०–२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. कोकणात तर पावसाळाभर लाकूड पाणी पीतच असतं.

मी पुण्यात जुलैमध्ये टॉपला आतून ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवले. सांधे सुरेख बसले होते. पुढच्या एप्रिलमध्ये ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत उभी चीर गेली. कारण साधं आहे. लाकूड हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं, पण आडवंच फुगतं आणि आडवंच आकसतं. लाकडातलं पाणी १४ टक्क्यांवरून ७ वर आलं तर नीट रेडियल (खोडाच्या मध्यापासून सालीच्या दिशेने) चिरलेली ४०० मिलिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी जवळपास ४ मिलिमीटर आकसते. ब्रेस मात्र त्या फळीच्या शिरांना आडवे चिकटलेले असतात आणि लांबीत आकसत नाहीत. मग फळीला फाटण्यावाचून वाट उरत नाही.

कारखाने आणि कसलेले कारागीर म्हणून ब्रेस चिकटवण्याचं काम ४० ते ५० टक्के आर्द्रतेतच करतात. मी आता ते काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करतो, तेही मीटर पाहून. पावसाळ्यात करायचंच असेल तर एसी किंवा डीह्युमिडिफायर लावलेल्या बंद खोलीत, आणि फळ्या आधी काही दिवस त्या खोलीत ठेवून. पावसाळ्यात मी नेकचा आकार घडवतो, साचे बनवतो, हत्यारांना धार लावतो.

आणि ज्यांचे भाऊ-बहीण अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी: मुंबईच्या दमट हवेत बांधलेली गिटार न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तापवलेल्या घरात नेलीत तर तिथे परदेशी सल्ला शब्दशः लागू होतो. तिला ओलावा द्या.

आर्द्रतेचं मीटर ऑनलाइन मागवलं, पण ते खरं दाखवतं का?

स्वयंपाकघरातल्या मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतपतच पाण्याचे थेंब टाका. मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत ठेवा, मीटरला पाणी लागू देऊ नका. दहा-बारा तासांनी आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६९ दाखवत असेल तर ते सहाने कमी दाखवतंय, तेवढं मनात धरा. नवं मीटर आणलं की मी हे करतोच, कारण बाकीची सगळी मेहनत त्या आकड्यावर उभी असते.

वखारीत "रोझवूड" मागितलं, तर मिळालेलं लाकूड खरंच तेच आहे का?

व्यापारी नावांवर विसंबू नका. मराठीत शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, जगभर "इंडियन रोझवूड" म्हणून विकलं जाणारं लाकूड. शिसम किंवा शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू, त्याचा भाऊबंद. दुकानात दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरली जातात. "महोगनी"च्या नावाखाली तर कुठलंही तांबूस लाकूड येऊ शकतं. माहिती शोधताना शास्त्रीय नावाने शोधा, मग घनता, आकसण्याचं प्रमाण, सगळं नेमक्या लाकडाचं मिळतं. अमेरिकेच्या वनउत्पादन प्रयोगशाळेची लाकडाच्या गुणधर्मांवरची संदर्भपुस्तिका मोफत उपलब्ध आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आपल्याकडच्या लाकडांसाठी पाहाव्यात.

लाकडाच्या कायद्याबद्दल वाचताना तारीख आधी पाहा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातली बाकीची सगळी लाकडं दुसऱ्या परिशिष्टात आली आणि वाद्यं सीमेपार नेणाऱ्यांची तारांबळ उडाली. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस त्या दुसऱ्या परिशिष्टातल्या लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या तीन वर्षांतलं लिखाण आजही शोधात वर येतं आणि लोकांना विनाकारण घाबरवतं. चालू स्थिती साइट्सच्या अधिकृत यादीतच पाहा, आणि वखारीतून पावती घ्यायला विसरू नका.

"रोझवूडशिवाय आवाज येत नाही" हे खरं आहे का?

इथे मत आणि मोजमाप वेगळं करावं लागतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका गिटारकाराकडून सहा गिटार बनवून घेतल्या. बाकी सगळं सारखं, फक्त बॅक आणि साइडचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन आणि इंडियन रोझवूड, महोगनी, मेपल, सॅपेली, अक्रोड. ५२ वादकांनी लाकूड न दिसेल अशा पद्धतीने त्या वाजवल्या. आवाजाच्या गुणांकनात सहांमध्ये फारसा फरक निघाला नाही.

त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी हेच हाताने दाखवलं होतं. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्यांनी घडवला ते हे गृहस्थ. १८६२ साली त्यांनी बॅक आणि साइड कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि फक्त टॉप उत्तम स्प्रूसचा ठेवला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

याचा अर्थ लाकडाला काहीच महत्त्व नाही असा नाही. टॉपचं लाकूड, त्याचा ताठरपणा आणि ब्रेसिंग यांना फार आहे. पण पहिल्या गिटारच्या बॅकसाठी महागडं लाकूड घ्या असं कुणी सांगत असेल, आणि तेच लाकूड तो विकतही असेल, तर तो सल्ला बाजूला ठेवा. आवाजाचं शास्त्र समजून घ्यायचं असेल तर सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची संगीत-ध्वनिशास्त्रावरची पानं अतिशय सोप्या भाषेत आहेत.

कोणता गोंद वापरायचा यावर एवढे वाद का?

कारण गोंदाला दोन वेगळी कामं करावी लागतात: आज चिकटणं आणि वर्षानुवर्षं न सरकणं. सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद पहिलं काम उत्तम करतो. पण सततच्या ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, तो हळूहळू सरकतो. खुर्चीला ते चालतं, ब्रिजला नाही. म्हणून गिटारकार सुतारकामाचा साधा पिवळा गोंद किंवा सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेला गोंद) वापरतात. सरस वाळल्यावर कडक होतो, सरकत नाही, आणि उष्णता-ओलावा देऊन सांधा पुन्हा उघडता येतो. तो साठ अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो आणि हात भराभर चालवावा लागतो, एवढाच त्याचा हट्ट.

"वॉटरप्रूफ म्हणजे जास्त चांगला" हा समज सोडून द्या. पुढे दुरुस्तीसाठी सांधा उघडता येणं हा वाद्यात गुण असतो. वेळ आणि तापमानाचे आकडे उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकातून घ्या.

इंच, थाउ, मिलिमीटर यांत गोंधळ होतो.

होणारच. अमेरिकन कारागीर इंचाच्या अपूर्णांकात किंवा हजाराव्या भागात बोलतात, युरोपीय मिलिमीटरमध्ये, आणि आपला मिस्त्री सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. "दहा थाउ" म्हणजे ०.०१० इंच, पाव मिलिमीटर. मी सगळं वहीत मिलिमीटरमध्ये उतरवतो आणि मगच हत्यार उचलतो. मिस्त्रीला "एक सूत ठेव" सांगून तीन मिलिमीटरची अपेक्षा केली तर रंधा मारायला थोडं उरतं, ते बरंच असतं.

चॅटबॉटला विचारलं तर?

शब्द समजून घ्यायला, परकी भाषा वाचायला, शोधासाठी नेमके शब्द मिळवायला जरूर विचारा. आकडा मिळाला तर तो तपासूनच वापरा. फ्रेटचा हिशोब तुम्हाला आता येतो, त्यावरच त्याची परीक्षा घ्या.

मराठीत किंवा जवळपास शिकण्यासारखं काहीच नाही का?

आहे, फक्त ते "गिटार" या शब्दाखाली सापडत नाही. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिरांना एक्स ब्रेसिंग (टॉपखालच्या ब्रेसची फुलीसारखी मांडणी) किंवा ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) विचारू नका. पण लाकूड किती सुकलं आहे ते हाताने कसं ओळखायचं, तबली (सतारीची वरची फळी) किती पातळ करायची ते ठोकून कसं ऐकायचं, चपड्याचं पॉलिश दमट हवेत पांढरं का पडतं, घोडीची (सतारीच्या ब्रिजची) जवारी काढताना, म्हणजे तिचा तार टेकणारा पृष्ठभाग घासून झंकार आणताना, कानस किती हलकी फिरवायची, हे विचारा. आपल्या हवेत वाद्य टिकवण्याचं ज्ञान त्यांच्या हातात आहे, आणि ते मला कुठल्याही परदेशी लेखात मिळालं नाही. त्यांच्या कामाच्या वेळेचा मान ठेवा, आधी विचारून जा, आणि फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या.

धुळीची एवढी काळजी खरंच हवी?

हो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. रोझवूडच्या जातींनी काहींना त्वचेची ॲलर्जीही होते, आणि ती वर्षानुवर्षं काम केल्यानंतर अचानक सुरू होऊ शकते. पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क लावा आणि घरात लहान मूल असेल तर त्याच खोलीत हे काम करू नका. मास्कशिवाय रोझवूड घासणाऱ्याचा व्हिडिओ दिसला तर बाकीचं कौशल्य त्याच्याकडून घ्या, ही सवय नको.

अडलो तर जाणकाराला कसं विचारू?

"टॉप वाकडा झाला, काय करू?" याला कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. लाकडाचं नाव, जाडी, गोंद, चिकटवलं तेव्हाची आणि आजची आर्द्रता, तारांचा गेज, आणि सरळ पट्टी ठेवून बाजूने काढलेला फोटो, एवढं द्या. हे गोळा करता करता निम्म्या वेळा कारण तुमचं तुम्हालाच सापडतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा आणि प्रत्येक चिकटकामापुढे तारीख व मीटरचा आकडा लिहा. माझ्या पहिल्या गिटारच्या वहीत जुलैच्या त्या पानावर आर्द्रतेची नोंदच नव्हती. चीर गेल्यावर कारण शोधायला मला चार महिने लागले.